झालं, हो बाजूला

फोटोवाले त्या संध्याकाळी कॅमेरा दुरुस्तीला टाकायला निघाले, इतकं साधं निमित्त होतं. पुढचं कळलं असतं तर ते घरीच बसले असते असं म्हणायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर ते बसले नसते, उलट धावत सुटले असते.

गल्लीत त्यांना सगळे फोटोवालेच म्हणत. तरुणपणी लोकांच्या लग्नांत भलेथोरले कॅमेरे गळ्यात वागवून त्यांची मान कायमची आखडली. मग एक दिवस त्यांनी ते सगळं धूड विकून टाकलं आणि तळहातावर मावेल असा मिररलेस कॅमेरा घेतला. आत आरसा नसतो म्हणून तो एवढासा, हे त्यांनी बायकोला कौतुकानं समजावून सांगितलं. "म्हणजे आरसासुद्धा काढून टाकला?" ती म्हणाली. "आता तुमच्याबरोबर हिंडताना केस नीट करायचीही सोय उरली नाही." तेव्हापासून भाजीला जा, बँकेत जा, बसनं लांबच्या कुठल्या गावाला जा, कॅमेरा कोटाच्या खिशात आणि बायको शेजारी, असं ठरूनच गेलं.

फोटो मात्र ते माणसांचे काढत नसत. लग्नांत माणसं बघून बघून जीव विटला होता. ते काढत रिकाम्या जागा. सकाळचा ओला जिना, बंद दुकानाची पायरी, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा बाक. त्या फोटोंचं नाव झालं होतं, प्रदर्शनं भरली होती. लोक म्हणत, तुमच्या रिकाम्या जागेत कुणीतरी आहे असं वाटतं. फोटोवाले मान डोलवत आणि त्यामागची युक्ती पोटात ठेवत.

युक्ती अगदी घरगुती होती. "जरा उभी राहा तिथं," ते बायकोला सांगत. ती उभी राही. तिच्या चेहऱ्यावर फोकस धरायचा, उजेड जुळवायचा, एक चाचणीचा फोटो काढायचा आणि डावा हात हलवून म्हणायचं, "झालं, हो बाजूला." ती बाजूला झाली की खरा फोटो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ते चाचणीचे फोटो एकेक करून पुसत. ती समोर मटार सोलत असे. "मला पुसताय ना?" ती विचारी. "कार्ड उगाच भरतं गं," ते म्हणत. ती हसत असे. मनापासून हसत असे, म्हणून तर त्यांना कधी काही वाटलं नाही.

थंडीच्या दिवसांत ती गेली. लेक आली, रडून झालं, आणि मग तिनं विचारलं, आईचा चांगला फोटो कुठला? दोघांनी मिळून सगळ्या डिस्क पालथ्या घातल्या. जिने होते, पायऱ्या होत्या, बाक होते. प्रत्येक ठिकाणी ती उभी राहिली होती, आणि एकाही ठिकाणी ती नव्हती. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती दंड भरायला आल्यासारखी दिसत होती.

"बाबा, माझ्या मुलीला उद्या आजी दाखवायची झाली तर मी काय दाखवू?" लेक म्हणाली. "बाक?"

त्यानंतर फोटोवाल्यांनी कॅमेरा कपाटात टाकला. बऱ्याच दिवसांनी, निव्वळ घर खायला उठलं म्हणून, तो खिशात घालून ते बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या बंद दुकानासमोर त्यांनी कॅमेरा उचलला, आणि पडद्यावर पिवळी चौकट उमटली. समोर चेहरा दिसला की कॅमेरा त्याच्याभोवती आखतो ती चौकट. समोर दुकानाचं लोखंडी शटर होतं आणि त्याच्यापुढे कुणी म्हणजे कुणी नव्हतं. चौकट हवेत, त्यांच्या हनुवटीइतक्या उंचीवर, हलकेच थरथरत होती.

म्हणून दुरुस्तीवाला.

दुरुस्तीवाला जुना दोस्त, जिभेला हाड नसलेला. अंधाऱ्या बोळातलं एवढंसं दुकान, टेबलावर वाकवलेला दिवा, उघडी पडलेली लेन्सांची पोटं. "काय फोटोवाले, कॅमेऱ्याला भुतं दिसायला लागली?" तो म्हणाला. "सोपं आहे. म्हातारा झाला तो, तुमच्यासारखा." त्यानं कॅमेरा भिंतीवर रोखला, पंख्यावर रोखला, स्वतःच्या डब्यावर रोखला. कुठं काही नाही. "ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि हसत हसत त्यानं कॅमेरा दारात उभ्या असलेल्या फोटोवाल्यांकडे वळवला.

त्याचं हसू ओसरलं.

"तुमच्याबरोबर... कुणी आलंय का?"

"नाही. का?"

त्यानं कॅमेऱ्याचा पडदा उलटा करून त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर दोन चौकटी होत्या. एक फोटोवाल्यांच्या चेहऱ्यावर, आणि दुसरी त्यांच्या खांद्याशी, जरा डावीकडे कललेली. दुकानात तेलाचा आणि तापलेल्या तारेचा वास असायचा. त्यात आता बामचा वास मिसळला होता. फोटोवाल्यांनी तो लगेच ओळखला. तासन् तास उभं राहून बायकोचे गुडघे दुखत, आणि ती झोपताना चोळायची तो बाम.

दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा पिशवीत घालून दोन्ही हातांनी परत दिला. "कॅमेऱ्यात दोष नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पण एक ऐका... दिवस मावळल्यावर एकटे हिंडू नका." मग स्वतःचंच बोलणं आठवून तो गप्प झाला, कारण एकटे हिंडण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, नाही असं नाही; घरी पोचेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पण दार लावल्यावर त्या भीतीच्या तळाशी काहीतरी उबदार हाताला लागलं. मान जरा डावीकडे कलती ठेवून उभी राहायची, तीच ती. आणि ती आहे म्हटल्यावर तिचा फोटो निघू शकतो. एक फोटो. लेकीच्या हातात ठेवता येईल असा.

मग ते पिसाटासारखे हिंडू लागले. जिथं जिथं तिला उभं केलं होतं तिथं तिथं गेले. जिन्यावर चौकट आली. पायरीवर आली. बाकावर आली, तेव्हा जरा खाली होती, म्हणजे ती बसली होती. फोटोवाले श्वास रोखून बटणावर बोट ठेवत, आणि बोट दाबलं जायच्या नेमक्या आधी चौकट सरकत सरकत डावीकडे जाई आणि पडद्याबाहेर निघून जाई. घाई नाही, गडबड नाही. फोटोत उरे तो रिकामा जिना. इतका सुंदर, की बघवत नसे.

"थांब ना गं," ते रस्त्यात उभे राहून म्हणत. "आता बाजूला नको होऊस... नको होऊस." येणारे जाणारे त्यांना वळसा घालून जात. पण ती थांबत नसे. इतकी वर्षं त्यांनीच तिला जे शिकवलं होतं ते ती चोख करत होती. हे ध्यानात आलं त्या दिवशी फोटोवाले बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

एकच जागा राहिली होती, आणि ती ते टाळत होते. खाडीतला जुना धक्का. त्यांची शेवटची सहल. त्या दिवशी उजेड मनासारखा येत नव्हता, आणि ती धक्क्याच्या टोकाला, गार वाऱ्यात, निळा मफलर कानाला गुंडाळून उभी होती. "अहो, झालं का?" तिनं विचारलं. "पाचच मिनिटं," ते म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा पाचच मिनिटं. परतताना बसमध्ये तिला ताप भरला. तो पुढं छातीत उतरला आणि उतरलाच नाही. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं.

ते गेले ते उजाडता उजाडता. धक्क्यावर धुकं होतं, शेवाळाचा आणि कुजक्या दोरांचा वास होता. खाली पाणी खांबांवर आपटत होतं, एका लयीत, कुणी दार ठोठावावं तसं. टोकाशी जाऊन त्यांनी कॅमेरा उचलला. चौकट आली. लगेच आली. कधीपासून तिथंच उभी असल्यासारखी.

फोटोवाल्यांनी बटणावर बोट ठेवलंच नाही. ते बघत राहिले, आणि त्यांना एकाएकी स्वतःची फार लाज वाटली. अजूनही ते तिला वाऱ्यात उभंच करत होते.

"ये इकडे," ते म्हणाले. "तू उभी राहिलीस तेवढं पुरे झालं. आता मी उभा राहतो. तू बघ."

त्यांनी कॅमेरा दोर बांधायच्या लाकडी खुंटावर नीट टेकवून ठेवला. टायमर लावला नाही. लावायचं डोक्यातच आलं नाही. मग ते तिच्या जागी, टोकाच्या फळीवर, कॅमेऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. वारा कानात शिरला. बोटं बधिर झाली. इथं असं उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मागं नुसतं पाणी, पुढं नुसता एक डोळा. समोरच्या धुक्यातून उजेड फाकू लागला. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, अगदी तिच्याच सुरात:

"अहो... झालं का?"

खट्.

एवढासा आवाज. खुंटाजवळ कुणी नव्हतं. बामचा वास वाऱ्यावर आला आणि गेला. फोटोवाले कॅमेऱ्यापाशी आले तेव्हा तो खुंटावर जरासा तिरका झालेला होता. त्यांनी पडद्यावर चौकट शोधली, चहूकडे वळून वळून शोधली. ती कुठंच नव्हती.

दुपारी लेक आली. फोटोवाल्यांनी कॅमेरा तिच्या हातात ठेवला. जेवणाच्या टेबलावर दोघं शेजारी बसली आणि तिनं कॅमेऱ्यातला फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. फोटोवाल्यांचा चेहरा, पडदाभर. डावीकडे कलता, कारण कॅमेराच तसा धरलेला. फोकस मात्र नजर लागावी असा, डोळ्यांवर, पापणीचा केस अन् केस वेगळा.

"बाबा, हा कुणी काढला?" लेक म्हणाली. "तुम्ही असे कधी दिसला नाहीत कुणाला. किती..." तिनं फोटो आणखी मोठा केला. एक डोळा. मग नुसतं बुबुळ. आणि तिचा हात थांबला.

बुबुळाच्या ओल्या काळ्या गोलात समोरचं सगळं उतरलं होतं. धक्का, खुंट, खुंटावरचा कॅमेरा. कॅमेऱ्यामागं वाकून उभी असलेली एक बाई. कानाला निळा मफलर.

"आई," लेक म्हणाली. "बाबा... आई आहे ही!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं पडद्यावर बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. "हाच लावायचा भिंतीवर. तुमच्या डोळ्यातली आई. तुम्ही दोघंही एका फोटोत आलात." फोटोवालेही रडत होते. मिळाला होता. एक का होईना, मिळाला होता.

"पण तिनं हात का वर केलाय हो?" लेक पडद्याजवळ वाकली. "टाटा करतेय का?"

फोटोवाल्यांनी डोळे पुसून पाहिलं. एक हात कॅमेऱ्यावर होता. दुसरा, डावा, खांद्याइतका वर, तळहात सरळ, बोटं जुळलेली, बाजूला झुकलेला. तो इशारा त्यांनी जन्मात समोरून पाहिला नव्हता, कारण तो करणारा हात नेहमी त्यांचा स्वतःचा असे.

"हो," ते म्हणाले. "तसंच काहीतरी."

लेक चहा ठेवायला उठली. तिची पाठ वळल्यावर फोटोवाल्यांनी आपली खुर्ची, आवाज न करता, थोडी बाजूला सरकवली.