चिठ्ठी नसलेलं

माणूस गेला की त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी करायची, हे माझं काम. तीस वर्षं तेच केलं. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं क्रमांकाची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी असेल ते वारसांचं. नसेल ते खोली रिकामी करताना भंगारात. एकदा एका म्हातारीच्या शिवणाच्या डब्याला चिठ्ठी बांधायची राहून गेली. तिची मुलगी रडत आली, तेव्हा मी मान वर न करता म्हणालो होतो, "चिठ्ठी नव्हती."

निवृत्त झालो तशी ताई मागे लागली. "आयुष्यभर लोकांच्या वस्तूंत डोकं घातलंस, आता कुठेतरी फिरून ये. जरा स्वतःकडे बघ." मी दोन मोठ्या बॅगा भरून निघालो.

"घरच उचलून आणलंत की, साहेब!" अतिथीगृहाच्या मालकीणबाई हसल्या. वरच्या मजल्यावरची खोली दिली. पलंग, खिडकीशी वेताची खुर्ची आणि भिंतीला एक रिकामी फळी. "नको वाटेल ते फळीवर ठेवा. आम्ही हलवत नाही."

पहिल्या संध्याकाळी घड्याळ काढून ठेवलं. कधी नव्हे तो मेल्यासारखा झोपलो. सकाळी घड्याळाला चिठ्ठी होती. क्रमांक एक. अक्षर माझं, गाठही माझीच, डावीकडून घेतलेली. हाताची सवय, झोपेत बांधली असेल, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

मग चष्मा ठेवला. दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानाची पाटी चष्म्याशिवाय वाचता आली. मग बूट, मग मोबाईल, मग बायकोनं दिलेली शाल. ती गेल्यापासून शाल मी अंगावेगळी केली नव्हती. ठेवली, आणि दुःखही तिच्याबरोबर फळीवर गेलं. दर सकाळी नवी चिठ्ठी दिसे. पण खरं सांगतो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. या सगळ्यावाचूनही मी कुणीतरी आहे, एवढं कळायला साठ वर्षं लागली, याचं हसू येत होतं.

जिना उतरताना लाकडी पायऱ्या वाजेनाशा झाल्या. मालकीणबाई टेबलावर एकच चहा ठेवू लागल्या, स्वतःचा. मीही मागितला नाही. सकाळी उठलो की चादरीवर सुरकुती नसायची. या सगळ्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

शेवटी खिशातलं पेन राहिलं. याद्या करायचं पेन. तेही ठेवलं. क्रमांक सहा. बॅगांना चिठ्ठी नव्हती; त्या मालकीणबाईंनी जिन्याखालच्या भंगारात नेऊन ठेवल्या.

सातव्या दिवशी दुपारी मालकीणबाई ताईला घेऊन वर आल्या आणि पलंगावर टेकल्या. मी खिडकीशी खुर्चीत बसलो होतो. ताईच्या हातात सहा वस्तूंची यादी होती, माझ्या अक्षरात. मी पाठवली नव्हती.

"ताई," मी म्हणालो.

ती एकेक वस्तू यादीशी ताडून पिशवीत भरत होती. शालीपाशी थांबली. शाल तोंडावर धरून रडली.

मी पुन्हा हाक मारली. मालकीणबाईंनी उठून खिडकी लावली.

"एवढंच?" ताईनं डोळे पुसत विचारलं.

"चिठ्ठीचं एवढंच."

ताई वळली. सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि हे?"

"त्याला चिठ्ठी नाही."

"मग राहू दे."

"उद्या भंगारवाला येणारच आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

सात दिवसांत पहिल्यांदा मी घाबरलो. हात खिशात गेला. कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. दोरा होता.

पेन ताईच्या पिशवीतून जिना उतरत होतं. पायऱ्या वाजत होत्या.