गंजलेला नट

"थांब… थांब ना गं बाई!" असं फियाटला विनवत श्रीधर बिबवेवाडीच्या उतारावरून आला, हँडब्रेक ओढत पहिल्याच गॅरेजात घुसला, आणि समोर पाना घेऊन उभ्या असलेल्या प्रेमलाला पाहून गाडीपेक्षा जास्त हादरला.

कॉलेजात दोघं एका वर्गात. तिचे वडील अंथरुणाला खिळले, तिनं त्यांचं गॅरेज हाती घेतलं, आणि श्रीधर… श्रीधर जे बोलणार होता ते राहूनच गेलं.

"ब्रेक लागत नाही," तो म्हणाला.

"दिसलं. पिंप आडवं केलंस माझं."

"चारला सासवडला पोचायचंय. आईला घेऊन."

"काय आहे सासवडला?"

"मुलगी… बघायला."

तिनं चाक काढलं. जरा जोरातच.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. ती काढायची तर चाकामागचा बारकासा नट सैल करायचा. आणि तो गंजून पार चिकटलेला. रॉकेल सोडलं. हातोडीच्या हलक्या टिचक्या. पुन्हा रॉकेल. पाना लावला —

ढिम्म.

तो शेजारी उकिडवा बसला. इतका जवळ, की तिच्या गालावरचा ग्रीसचा डाग त्याला दिसावा… आणि तो बघतोय हे तिला कळावं.

"मोडला तर?"

"गाडी इथंच. रविवारी नवा कुठं मिळणार?"

श्रीधरनं घड्याळाकडे पाहिलं.

"मग… मोड ना."

तिचा हात थांबला. एक हिसका पुरला असता. नट गेला असता, सासवड गेलं असतं. मनगट तर केव्हाच तयार होतं —

"तुला आईशी बोलायचा धीर नाही, म्हणून मी नट मोडू? माझ्या हातून नट मोडत नाही, श्रीधर. जायचं नसेल तर तोंडानं सांग."

पाना आधी किंचित आवळायच्या बाजूला. मग उलटा. श्वास रोखून. किंचित… अजून किंचित…

कट्!

मोडला? दोघं एकदम वाकले. कपाळावर कपाळ आपटलं. नट फिरला होता. अख्खा.

तो पेडल दाबत राहिला, ती हवा काढत राहिली. ब्रेक लागला.

"झाली गाडी," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नीघ. उशीर होईल."

तो उतरला आणि भिंतीवरच्या फोनकडे गेला.

"आई? …गाडी बिघडली होती. …हो, झाली आता. ठणठणीत आहे. …पण मी सासवडला येत नाही. …दुसरी आहे. …बिबवेवाडीची."

प्रेमला चिंधीनं हात पुसत होती. एकच हात, पुन्हा पुन्हा.

"…ती काय म्हणाली? अजून विचारलं नाही गं. इथंच उभी आहे… थांब, विचा—"

प्रेमलानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"नमस्कार, काकू. याला विचारायला अजून वेळ लागेल. माझं 'हो' तेवढं सांगून ठेवते."