पायांतलं बळ

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्याचा डबा तिच्या डब्याला येऊन चिकटला, तशी ती सरकून बसली.

“अंडी आहेत ना त्यात? जरा लांब ठेवा.”

“उकडलेली आहेत हो. उड्या मारत तुमच्या डब्यात नाही यायची.”

ती शिवणकाम करायची, त्याचं मटणाचं दुकान होतं. तिचे बाबा आणि त्याची आई, दोघांचंही पडल्यानं खुब्याचं हाड मोडलेलं. अंथरुणात पडून पडून पायांचं मांस पार झडलं होतं. या वयात पोटात प्रथिनं हवीत आणि पायांना कष्ट, एकानं भागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बाबांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. मग ती डाळ, सोयाबीन, दाणे आलटून पालटून आणायची.

“माझ्या एका अंड्याची बरोबरी करायला तुमची वाटीभर डाळ लागते,” तो चिडवायचा.

“लागू दे. तुमच्याकडे मागायला आले का?”

“आलात तर... नाही म्हणणार नाही.”

ती डब्याचं झाकण पुसत राहिली. स्वच्छच होतं ते.

त्याची आई आधी चालू लागली. बाबा मात्र दांडीला धरूनही उभे राहीनात. दोन घास खाऊन ताट सारायचे. एकदा ती जिन्यात बसून रडली, तेव्हा तो खालच्या पायरीवर येऊन बसला.

“माझंच चुकतंय का? अंडं खाल्लं असतं तर...”

“डाळीनंही होतं, डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. पण पोटात जायला तर हवी. थोडी थोडी, चार वेळा देऊन बघा.”

तिनं तसं केलं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या आईच्या छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत आई गेली.

तो आईचं सामान न्यायला आला, तेव्हा बाबा पहिल्यांदाच उभे होते. पाय लटलटत होते. ती एकटी सावरत होती. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि बाबांचा दुसरा दंड धरला.

“आई कशी आहे तुझी?” बाबांनी धापा टाकत विचारलं.

“बरी आहे,” तो म्हणाला. “टाका पाऊल.”

बाबांनी टाकलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “खोटं का बोललात?”

“ते उभे होते ना... पडले असते.” त्यानं पिशवी उचलली. “येतो. आता इथं माझं कुणी नाही.”

“आहे,” ती म्हणाली.