कोपऱ्यातल्या झाडाचा घोट

भाजलेली सफरचंदं पातेल्यात फुटली की त्यांचा पांढरा गर लोकरीसारखा वर येतो. टॅम्सिन तो डावाने पुन्हा आत ढकलत होती. सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, उकळू द्यायची नाही, नुसती वाफ धरू द्यायची. मग लवंग, जायफळ, सुंठ, मूठभर साखर. सतरा जानेवारीची संध्याकाळ होती. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या त्या वाडीत सगळीकडे हिम पडलं होतं आणि अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कुणाच्या टोपीला रिबिनी, कुणाच्या हातात परात-पळी. पोस्टमन बर्नाबी तर डोक्यावर चाळणीच घालून आला होता. वर्षातून एकदा सफरचंदाच्या झाडांना हे वासेल नावाचं पेय पाजायचं, त्यांच्यापुढे गायचं, फांद्यांतून बंदुकीचे बार काढायचे, म्हणजे बाग चांगली धरते.

आणि या घरात आणखी एक रीत होती. झाडाला पाजायचा दोन कानांचा लाकडी पेला ज्याच्या हाती, बाग त्याची.

टॅम्सिनला वाटलं होतं, यंदा पेला आपलाच. बापाची पाठ धरली तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून तीच परत आली होती. दोन हिवाळे शिडीवर चढून चाळीसच्या चाळीस झाडं तिने छाटली होती.

वडील आत आले, त्यांनी खुंटीवरचा पेला काढला आणि रुफसच्या हातात दिला. रुफस तिचा धाकटा भाऊ. ब्रिस्टलहून काल आलेला, पायात नवेकोरे बूट.

"बाबा, मी आहे ना इथे."

"तू पातेलं बघ. तुझ्या हाताला चव आहे."

"आणि छाटणी काय, चवीने होते?"

"टॅम, लोकांसमोर नको."

म्हाताऱ्यांचं हे नेहमीचंच. अन्याय घरात करायचा आणि लाज मात्र लोकांची धरायची.

"ताई, रागावलीस होय?" रुफस हसला. "मला तर यातली दोन झाडंसुद्धा ओळखता यायची नाहीत गं."

तो खरंच बोलत होता. तेच जास्त झोंबलं.

कुणी चव घ्यायच्या आत टॅम्सिनने पहिला डाव आपल्या पत्र्याच्या मगात ओतला, भाजलेल्या पावाचा तुकडा खिशात टाकला आणि ती मागच्या दाराने निघाली. आधी नुसतीच भटकली. चांदणं लख्ख होतं. प्रत्येक झाडाने हिमाची टोपी घातलेली. एकेका झाडासमोर वाकून ती म्हणत गेली, "तयार राहा, नवे मालक येतायत. बूट बघून घ्या." तिचं तिलाच हसू येत होतं. असं करत करत ती बागेच्या कडेच्या चराच्या पलीकडे गेली.

तिथे कोपऱ्यात, कुंपणाला टेकलेलं एक वाकडं झाड होतं. त्याला कधीच कुणी पाजत नसे. लहानपणी त्या बाजूला पळालं की पाठीत धपाटा बसायचा. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"तुलाही वगळलंय ना?" तिने पाव बेचक्यात खोचला आणि अर्धा मग मुळाशी ओतला. "घे. यंदा पहिला घोट तुझा. रुफसला काही मिळू देऊ नकोस."

जमिनीने घोट घेतला. खरोखर, घशातून उतरावा तसा आवाज आला. टॅम्सिनने पत्र्याचा मग तिथेच टाकला आणि मागे न बघता चालू लागली.

तासाभराने मिरवणूक बागेत आली. गाणं झालं, परातींचा दणदणाट झाला. रुफसने सगळ्यांत जुन्या झाडाला पाजलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी आणि सिलास काकांनी फांद्यांतून बार काढले. हिम झरझर खाली आलं. त्यापाठोपाठ डोक्यांवरून काहीतरी गेलं, पाखरांच्या थव्यासारखं, पण पंखांचा आवाज नसलेलं. चराच्या पलीकडे. तिथे, त्या वाकड्या झाडाच्या बुंध्याशी, अजून वाफ निघत होती.

सिलास काकांनी बंदूक खाली केली. ते टॅम्सिनला बाजूला घेऊन गेले.

"टॅम... तिकडे कुणी काही दिलंय का?"

"मी दिलं. का, त्याला तहान लागत नाही?"

"बार झाला की झाडात बसलेलं जे काही असतं ते पळतं. दोनशे वर्षं पळवतोय आपण. पळून जातं कुठे... कधी विचारलंस?"

"तुम्ही कधी सांगितलंत?"

गाणं कुठल्या पट्टीत धरायचं यावर तासभर भांडणारी माणसं, आणि इथे तोंडाला कुलूप.

"ज्याला पाजलं, तो उलट पाजतो," काका एवढंच पुटपुटले. "आज समोर दिसणाऱ्या हातातूनच घे... बाकी काही घेऊ नकोस."

माणसं पांगली. शेवटचे कंदील रस्त्याला लागले तसा रुफस दार लावायला गेला आणि तिथेच थांबला.

"ताई, हा तुझा मग ना?"

पायरीवर पत्र्याचा मग होता. काठोकाठ भरलेला, वाफाळता. आजूबाजूचं हिम मात्र कोरं होतं, एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

"माझ्यासाठीच ठेवलाय कुणीतरी," रुफसने तो उचलला. "पेला मीच धरला ना आज."

"रुफस, ठेव खाली!" काका आतून ओरडले.

टॅम्सिनला तो मग कुठून आला ते पक्कं ठाऊक होतं. एक फटका मारून तो सांडता आला असता. पण छातीत एकच गोष्ट उसळली. हेही त्यालाच? हेसुद्धा?

"माझाय तो," म्हणत तिने मग हिसकावला आणि उभ्या उभ्या संपवला.

गरम नव्हतं ते. कुणाच्यातरी तोंडातून आल्यासारखं कोमट होतं. लवंग नाही, जायफळ नाही. ओल्या सालीची आणि बंदुकीच्या दारूची चव जिभेवर राहिली.

स्वयंपाकघरातून वडील बाहेर आले. त्यांनी भिंतीवरची बंदूक काढली आणि ते बार भरू लागले.

"बाबा...?"

त्यांनी एकदा तरी आपल्याकडे नीट बघावं म्हणून तिने दोन हिवाळे घालवले होते. आता ते बघत होते, पण तिच्याकडे नाही. तिच्या डोक्याच्या वीतभर वर. फांद्यांत नेम धरताना बघतात तसे.

घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी तिच्या केसांत काहीतरी फांदी बदलून बसलं.