फैलका बेटावरची दुसरी हाक

ही माझ्याच घरची गोष्ट आहे. त्यामुळे ती खोटी असती तर मला बरंच वाटलं असतं.

माझे मामू, झहूर परकार, यांनी ती आयुष्यात तीनदाच सांगितली. तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा समोर मी बसले होते.

तारीख पक्की आहे. फेब्रुवारी १९६३, ईदचा दुसरा दिवस. सकाळचे नऊ. कुवेतच्या किनाऱ्यासमोरचं फैलका बेट.

रात्र नव्हती… भर दिवस होता.

मामू तेव्हा सव्वीस वर्षांचे. दाभोळचे. कुवेतमध्ये अहमदीला तेल कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि फहाहीलच्या बाजारामागे एका खोलीत राहायचे. त्याच खोलीत त्यांचा जिवलग दोस्त होता, नूरुद्दीन बुरोंडकर. नूरुद्दीन एका कापडाच्या दुकानात हिशेबाला होता. मामूंची धाकटी बहीण शरीफा हिच्याशी त्याची सोयरीक ठरून दोन वर्षं झाली होती. मे महिन्यात निकाह.

शरीफा म्हणजे माझी अम्मी.

आणि नूरुद्दीन म्हणजे… माझे अब्बा.

बेटावर पायी फिरायची कल्पना मामूंच्या साहेबाची. मॅक्रे साहेब स्कॉटलंडचा. त्याच्या मुलखात म्हणे लोक सुट्टीत खडकाळ बेटांवर जातात, पाठीवर पिशवी टाकतात, हातात नकाशा धरतात आणि चार-चार दिवस चालत राहतात. वाटाड्या नाही, गाडी नाही. मामूंना हे ऐकून वेड लागलं. दाभोळच्या खाडीवर वाढलेला माणूस, दोन वर्षं वाळू आणि टाइपरायटर बघून कंटाळला होता. साहेबानं पेन्सिलीनं फैलक्याचा नकाशा काढून दिला आणि एकच गोष्ट बजावली. समुद्र सतत उजव्या हाताला ठेवा. बेटाला वळसा घालून, जिथून निघालात तिथंच परत याल, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.

नूरुद्दीनला चालायची हौस नव्हती. तो केवळ दोस्तीखातर आला.

ईदच्या दिवशी दुपारी लाँचनं ते बेटावर उतरले. गावातून निघून दक्षिणेच्या किनाऱ्यानं चालू लागले. फैलक्याला डोंगर नाहीत, पण किनारा सोपाही नाही. धारदार खडक, शिंपल्यांचे ढीग, मध्येच पाय रुतेल अशी खारी जमीन. संध्याकाळपर्यंत नूरुद्दीनच्या नव्या बुटानं डाव्या टाचेला मोठा फोड आणला. तो लंगडायला लागला.

रात्री कोळ्यांच्या एका रिकाम्या झोपडीत ते झोपले. शांत झोपले. मामू हे मुद्दाम सांगायचे. रात्री काहीही झालं नाही.

सकाळी ते उत्तरेच्या बाजूला लागले. समुद्र उजव्या हाताला. तिथं ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि मैलभर नुसता चिखल उघडा पडतो.

आणि मग धुकं आलं.

मामू म्हणायचे, कोकणात असलं धुकं कधी पाहिलं नाही. समुद्राकडून एक पांढरी भिंत सरकत आली. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

नूरुद्दीन म्हणाला, जरा थांबतो, टाचेला फडकं बांधतो. मामू म्हणाले, मी सावकाश पुढे होतो, तू ये.

एवढीच चूक.

पाच-सात मिनिटांत मागून पावलं आली. एक पाऊल जड, एक हलकं. जड… हलकं. जड… हलकं. नूरुद्दीन लंगडत आला, मामूंना ओलांडून चार पावलं पुढे गेला आणि चालत राहिला. त्याची करडी गरम बंडी मामूंना ओळखू येत होती.

"बांधलंस फडकं?"

"हां."

मामू त्याच्या मागं चालू लागले. मध्ये एकदोनदा बोलले. तोही बोलला. भूक लागली म्हणाला. शरीफासाठी काय न्यायचं हे अजून ठरलं नाही म्हणाला.

अर्धा तास गेला असेल.

मग मामूंच्या लक्षात आलं… पायाखाली वाळू नव्हती. चिखल होता.

त्यांनी कान दिला. उजव्या हाताला समुद्राचा आवाज यायला हवा होता.

तो डावीकडून येत होता.

थोडं पुढे गेल्यावर दोन्हीकडून आला.

आणि मग… कुठूनच येईना.

"नूर, थांब. आपण चुकलो."

पुढची पावलं थांबली नाहीत. जड… हलकं. जड… हलकं.

तेवढ्यात मागून, फार लांबून, हाक आली.

"झहूर… खय हाय तू?"

आवाज नूरुद्दीनचा होता.

मामू जागच्या जागी गोठले. पुढे नूरुद्दीनची पाठ दिसत होती. धुक्यात पुसट, पण दिसत होती. आणि मागून नूरुद्दीन बोलवत होता.

"झहूर, पुढं नको जाऊ. भरती लागली. इकडं ये, इथं कोरडं हाय."

आता पुढचा थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. अगदी हळू आवाजात, जणू मागच्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तो म्हणाला,

"तिकडं नको जाऊ. तो मी नाय."

मामू सांगायचे, त्या क्षणी माझं डोकं रिकामं झालं. कुणाला काय विचारायचं? जे विचारीन ते दोघांनाही ठाऊक असणार. आवाज एकच. बोली एकच. पुढे माणूस दिसत होता, पण तो समुद्रात चालला होता. मागे माणूस दिसत नव्हता, पण तो जमिनीवर बोलवत होता.

घोट्याला गार पाणी लागलं.

पाणी कुठून आलं ते कळलंच नाही. आधी घोट्याला, मग पोटरीला.

मामू वळले. मागच्या हाकेच्या दिशेनं पळत सुटले.

पाठीमागून पावलं आली नाहीत. नुसता आवाज आला. रडवेला.

"झहूर, मला हितं एकट्याला टाकून नको जाऊ."

मामू थांबले नाहीत. गुडघाभर पाण्यातून, चिखलातून, पडत-उठत ते पळाले. पाण्यातला तो आवाज त्यांचं नाव घेत राहिला. मग नुसती हाक. मग हाकेसारखं काहीतरी.

मग तेही नाही.

पायांना कोरडी वाळू लागली. समोर नूरुद्दीन उभा होता.

हातात बूट. चेहरा शांत.

"इतका वेळ खय होतास?" तो म्हणाला. "मी हितंच बसलोय."

मामूंनी त्याला मिठी मारली. ते ढसाढसा रडले. मग विचारलं, तू काही ऐकलंस का? दुसरी हाक?

त्यानं नकारार्थी मान हलवली.

तासाभरानं धुकं उठलं. जिथं चिखल होता तिथं आता लांबपर्यंत समुद्र होता. सपाट, रिकामा.

दोघं गावाकडे निघाले. ऊन चांगलं पडलं होतं. नूरुद्दीन पुढे, मामू मागे. आता त्यांना पावलं नीट ऐकू येत होती.

एकसारखी. दोन्ही पाय सारखे.

"टाच दुखत नाही?"

"राहिली दुखायची."

गावात पोचताच मामू कोळ्यांकडे धावले. मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, उत्तरेला पाण्यात माणूस अडकलाय, होडी काढा. कोळ्यांनी विचारलं, कोण माणूस? मामू म्हणाले, माझा दोस्त. कोळ्यांनी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या नूरुद्दीनकडे बघितलं.

कुणी हसलं नाही.

अबू सालेम नावाचा एक म्हातारा कोळी होता. तो होडीत बसला आणि मामूंना घेऊन निघाला. दुपार कलेपर्यंत दोघांनी ती बाजू पिंजून काढली. धुक्यातल्या त्या आवाजासारखेच मामू नावानं हाका मारत होते. काही मिळालं नाही. बूट नाही, कपडा नाही.

परत येताना म्हाताऱ्यानं वल्ही थांबवली.

"दोघं आलात, दोघं परत चाललात," तो म्हणाला. "आता कुणाला विचारू नकोस. त्यालाही नको."

त्या संध्याकाळी फहाहीलच्या खोलीत नूरुद्दीननं पाय धुतले. मामू दारात उभे राहून बघत होते. डाव्या टाचेला फोड नव्हता. फुटल्याची खूण नव्हती. कातडी कोवळी… जणू त्या पायांनी आयुष्यात बूट घातलाच नव्हता.

पुढचे दोन महिने मामू नीट झोपले नाहीत. ते नूरुद्दीनला न्याहाळत राहिले. तो पूर्वीसारखाच जेवायचा. नमाज पढायचा. दुकानातल्या गमती सांगायचा. दाभोळच्या मदरशातल्या मौलवींची नक्कल हुबेहूब करायचा. एकही आठवण चुकत नव्हती.

एकदा मामू पत्र लिहायला बसले. आपल्या वडिलांना लिहायचं होतं, शरीफाचा निकाह थांबवा. पण कारण काय लिहायचं? मुलगा लंगडत नाही म्हणून? दोन वर्षं वाट बघणाऱ्या बहिणीला काय सांगायचं? तीन कागद फाडले. चौथा पाकिटात घातला, पोस्टापर्यंत गेले आणि परत आले.

मे महिन्यात निकाह झाला. मामूंनीच नवरीच्या बाजूचा वकील म्हणून सही केली.

अब्बा चांगलेच होते. हे मला सांगायलाच हवं. आवाज चढवला नाही, अम्मीला कधी दुखवलं नाही. १९६६ साली त्यांनी अम्मीला आणि तान्ह्या मला कुवेतला आणलं. फहाहीलमध्येच समुद्राजवळ दोन खोल्या घेतल्या. मामू दर जुम्म्याला जेवायला यायचे. अम्मीला वाटायचं, भावाचा बहिणीवर केवढा जीव. पण जेवताना मामूंची नजर अब्बांवर असायची.

मग १९६८चा हिवाळा आला.

एका सकाळी अम्मीला जाग आली तर अब्बा अंथरुणात नव्हते. खिडकीबाहेर सगळं पांढरं. तिथं इतकं दाट धुकं तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दार उघडं होतं. ती ओढणी घेऊन बाहेर पडली. अब्बा किनाऱ्यावर उभे होते. पाण्याकडे तोंड करून, मान किंचित तिरकी… एखादा माणूस ऐकत असतो तशी.

अम्मीला फैलक्याचं तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मामूंनी तिला सांगितलं नव्हतं.

तिनं विचारलं, इथं काय करताय?

"तो हाक मारतोय," अब्बा म्हणाले.

"कोण?"

अब्बांनी समुद्राकडून नजर काढली नाही. शांतपणे, एखाद्या शेजाऱ्याबद्दल सांगावं तसे म्हणाले,

"त्याला घरी यायचंय."

मग त्यांनी अम्मीचा हात धरला, तिला घरी आणलं आणि रोजच्यासारखा चहा ठेवला.

अम्मीनं हे भावाला सांगितलं. भावानं तेव्हा पहिल्यांदा तिला सगळी हकीकत सांगितली. त्यानंतर दोघंही या विषयावर एकमेकांशी बोलले नाहीत.

अम्मी चाळीस वर्षं त्यांच्यासोबत सुखानं नांदली. मी स्वतः पाहिलंय. शेवटच्या आजारात अब्बांनीच तिचं सगळं केलं. मामूही आता नाहीत. अब्बा आहेत. नव्वदीला टेकलेत, काठी न घेता चालतात.

मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

पण आजही कुठला फॉर्म भरायचा असला, आणि मी 'वडिलांचं नाव' या रकान्याशी आले… की माझा हात थांबतो.

मग मी लिहिते. नूरुद्दीन.