करार झाला की मागणी घालतो

कुरुळी फाट्यावर स्वरूपा चुकून कंपनीच्या पर्मनंटवाल्यांच्या बसमध्ये चढली. कंत्राटी पोरींनी शेअर रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून जायचं, हा तिथला रिवाज. ड्रायव्हर गुरकावला, "ओ ताई, कार्ड?"

"माझी मिसेस आहे, काका," खिडकीतून एक आवाज आला. "रुसलीय, म्हणून लांब उभी आहे."

अख्खी बस खिदळली. स्वरूपा लाल झाली, पण उतरली नाही. त्याच्या शेजारी बसून दातओठ खात म्हणाली, "कोण मिसेस?"

"चाकणपर्यंतच हो... पुढचं तुम्ही ठरवा."

हा दिग्विजय. प्रेस शॉपचा पर्मनंट, वर युनियनच्या कमिटीत. जिभेला हाड नाही, आणि हसला की डोळे गायब! पुढं महिनाभर त्याला कँटीनमधून स्वरूपाच्या वायरिंग लाइनीवरूनच जायचा रस्ता सापडत होता. जाता जाता टेबलावर आपल्या वाट्याचा गुलाबजाम ठेवून जायचा.

"शुगर होईल मला," ती.

"होऊ दे, मी आहे ना... इन्सुलिन देणारा."

"घरी कधी येतोस ते बोल."

"करार झाला की. त्या दिवशी गुलालातच येतो, मागणी घालायला."

करार म्हणजे युनियन आणि कंपनीचा पगारवाढीचा. तीन वर्षांतून एकदा होतो, आणि तोपर्यंत पोरांची लग्नं अडून राहतात. मुलीचा बाप आधी विचारतो, करार झाला का? त्यात हा तर बोलणी करणाऱ्यांतला! स्वरूपा तेव्हापासून कराराची अशी वाट बघायची, जणू पगार तिचाच वाढणार होता.

आणि झाला एकदाचा. गेटवर हलगी कडाडली, फटाके फुटले. दिग्विजय गर्दी फोडत आला आणि त्यानं तिच्या दोन्ही गालांना गुलाल फासला.

"स्वरू, ऐक! पगारवाढ तर आहेच, पण मेडिक्लेममध्ये बायको घातली मी. बाळंतपणासकट! मॅनेजमेंट हलत नव्हती, मी अडून बसलो. फक्त तुझ्यासाठी."

ती लाजली. खरंच लाजली. मग विचारलं, "आणि त्यांनी काय मागितलं?"

"काही नाही गं... वायरिंगची लाइन बाहेर देणार."

"कुठली लाइन?"

"...तुमची."

हलगी वाजतच होती.

"म्हणजे आम्ही घरी?"

"तुला काय फरक पडतो, वेडे? तू माझ्या कार्डावर येणार आता! राणीसारखी राहशील."

"आणि शालनबाई?"

शालनबाई तिच्या शेजारच्या टेबलावरच्या. नवरा गेलेला, दोन पोरी शाळेत. त्या पलीकडं पेढे वाटत होत्या, "आमच्या दिग्विजयनं करार आणला" असं प्रत्येकाला सांगत.

"आता सगळ्यांशी कसं लग्न करू मी?" दिग्विजय हसला. डोळे गायब झाले, पण ह्या वेळी तिला ते आवडलं नाही.

"मला आधी विचारलं का नाहीस?"

"सरप्राइज होतं..."

"बरं," ती म्हणाली. "संध्याकाळी ये घरी. मी हो म्हणते. फक्त आत्ता जा आणि शालनबाईंना तुझ्या तोंडानं सांग."

"आत्ता? अगं, लोक नाचतायत... उद्या नोटीस लागेलच की."

"नोटीस नको. तू सांग."

दिग्विजयनं तिकडं बघितलं. शालनबाईंनी लांबूनच पेढा उंचावून दाखवला. त्यानं पाय उचलला, असं स्वरूपाला वाटलं... वाटलंच फक्त. मागून कमिटीवाल्यांनी "भावा!" करत त्याला खांद्यावर घेतलं. त्याला उतरता आलं असतं. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि हात वर करून नाचायला लागला.

स्वरूपानं ओढणीनं गाल घासले. गर्दीतून वाट काढत ती शालनबाईंपाशी गेली, आणि त्यांच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स हळूच काढून घेतला.

"काय गं, मागणी घातली का?" त्या हसत म्हणाल्या.

"मावशी," स्वरूपा म्हणाली, "जरा बाजूला चला. बसून बोलू."