वायरीचं दुसरं टोक

दिवा राहू द्या तसाच. डोळ्यांवर येत असेल तर खुर्ची जरा सरकवा, पण मालवू नका. आणि बोलताना आवाज थोडा हळू, आतल्या खोलीत ताई पडली आहे.

मी किती संशयी माणूस आहे ते तुम्ही जाणताच. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरचं निदान, जावयाचं हसू, मला चटकन काहीच खरं वाटत नाही. बायको म्हणते, आरशासमोर उभे राहिले तरी हे गृहस्थ विचारतील, 'आपण कोण?' म्हणू दे. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, नादी लागलेल्या माणसाला हा स्वभाव कामाला येतो. हवेतून कुणीही कुणाच्याही नावानं बोलू शकतं.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. ताईला आमच्याकडे घेऊन यायचं. भावोजी गेल्यापासून ती टेकडीवरच्या घरात एकटीच राहत होती. मध्यंतरी न्हाणीघरात पडली आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार ठोठावेपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून राहिली. पुन्हा पडली आणि दूधवाला आलाच नाही तर? पण बाईसाहेब जागच्या हलतील तर शपथ!

कारण काय, तर भावोजींचा रेडिओ.

"संध्याकाळी सेट लावला ना, की ते येतात," ती मला फोनवर म्हणाली होती. "बोलत नाहीत काही. खरखर एकदम थांबते... आणि ते असतात."

माझा संशय सरळ शेजारच्या कर्नलवर गेला. सैन्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, मिशांमुळे नाव पडलंय. लेकीसाठी त्याला ताईचं घर हवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. मी हिशेब मांडला, की यानं अँटेनाच्या वायरीला काहीतरी जोडलंय. घाबरवायला गेला बिचारा, आणि आमची ताई उलट त्यातच रमली.

"ताई, वायरीला कुणी काही चिकटवलं असेल तर माझं यंत्र सांगेल," तिच्या घरी पोचल्या पोचल्या मी म्हणालो.

"आणि सगळं ठीक निघालं तर?"

"तर तू मुकाट्यानं बॅग भरायचीस."

ती जिन्याकडे वळली. मग म्हणाली, "भरते. पण खरं तेच सांगायचं हं. मला लहान मुलासारखं फसवायचं नाही."

आम्ही माडीवर भावोजींच्या खोलीत गेलो. दुपार कलली होती आणि बाहेर धुकं उतरत होतं. खोलीत गरम झालेल्या तारेचा वास होता. गंमत म्हणजे सेट तर बंद होता.

यंत्र म्हणजे हातात मावणारा अॅनालायझर. तो वायरीत चिमूटभर लहरी सोडतो आणि त्यातल्या किती परत आल्या ते बघतो. झोपाळ्याला जसा बरोबर तालात धक्का दिला की तो सहज झुलतो, तसा प्रत्येक वायरीचाही एक ताल असतो. त्या तालातल्या लहरी ती पोटात घेते, परत धाडत नाही. पडद्यावरच्या रेघेत तिथे खड्डा पडतो. वायर लांब असली की खड्डा डावीकडे, आखूड केली की उजवीकडे. टोकाजवळ माणूस येऊन उभा राहिला तरी खड्डा डावीकडे घसरतो. अंगाची भर वायरीला पडते, एवढंच. त्यात भुताटकी काही नाही.

मी वायर यंत्राला जोडली. खड्डा पार डाव्या कडेला गेलेला. अडथळा, ज्याला आम्ही इम्पीडन्स म्हणतो, तोही पन्नास ओहमच्या आसपास हवा, तर भलतंच काही दाखवत होता. वायर आहे त्याहून कितीतरी लांब असल्यासारखी.

"सापडला चोर!" मी म्हणालो. "ताई, तू इथे बस. या खड्ड्यावर नजर ठेव. मी टोक बघून येतो."

वायर खिडकीतून निघून परसाच्या टोकाला असलेल्या झाडापर्यंत जात होती. तिथे तिला दोरी बांधलेली, दोरी फांदीवरच्या कप्पीवरून खाली आलेली आणि तिला वाळूची बाटली लटकवलेली. वाऱ्यानं झाड हललं तर बाटली वर-खाली होते, वायर तुटत नाही. भावोजींचंच डोकं ते. मी शिडी लावून टोक चाचपलं. स्वच्छ होतं. जोड नाही, तार नाही, काही नाही. खालचं गवतसुद्धा तुडवलेलं नव्हतं.

कुंपणापलीकडे कर्नल उभा होता.

"काय शोधताय?"

"तुम्हीच सांगा ना," मी म्हणालो. "इथे येऊन काय उद्योग करता ते."

त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. "मी त्या झाडाकडे फिरकत नाही, साहेब," तो म्हणाला. "संध्याकाळी ती बाटली वर जाते. कुणीतरी वायर ओढल्यासारखी. वारा नसला तरी... ताईंना न्या तुम्ही इथून."

बघा, न्या म्हणतोय! माझा संशय दुप्पट झाला. मी तणतणत माडीवर आलो.

ताई पडद्यापुढे शांत बसली होती. "तू झाडापाशी पोचलास ना," ती म्हणाली, "तेव्हा खड्डा उजवीकडे आला. नीट जागेवर. आणि तू पाठ फिरवलीस तसा पुन्हा डावीकडे गेला."

मी गेलो तर तो डावीकडे घसरायला हवा होता. उलटं घडलं होतं. म्हणजे मी जवळ गेल्यावर कुणीतरी बाजूला झालं होतं.

छे! असलं काही मनात आलं की हॅम माणूस एकच गोष्ट करतो. कात्री घेतो. माप लांब दाखवतंय? कापा. मी खिडकीतून वायर हातभर आत ओढली, तिकडे बाटली तेवढी वर गेली असणार, जास्तीचा तुकडा कापला आणि पुन्हा जोडून पाहिलं. खड्डा तिथेच. आणखी ओढली, आणखी कापली. खड्डा तसूभर हलला नाही. मी इरेला पेटलो. दरदरून घाम फुटला होता, पायाशी तुकड्यांचा ढीग पडला होता आणि माझं तोंड चालूच होतं, 'बघतोच, कशी जागेवर येत नाही ते.'

बाहेर अंधारत आलं होतं. धुक्यात झाड दिसेनासं झालं होतं. वायरीचं टोक आता परसाच्या मध्यावर आलेलं असणार. माझ्या हातातली वायर मधूनच सैल पडायची, मग ताणली जायची. सैल... ताण. सैल... ताण. थकलेला माणूस आधार धरून एकेक पाऊल टाकतो, तशी.

"बास कर रे," ताई हळूच म्हणाली. "त्यांना चालायला त्रास होतो. गुडघा..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खड्डा हलत नव्हता, कारण टोक धरणारा टोकाबरोबरच येत होता. मी वायर आखूड करत नव्हतो. त्याला घराकडे ओढून आणत होतो.

वायर खिडकीच्या गजाला कशीबशी गुंडाळली, यंत्र उचललं आणि ताईचा दंड धरला. "चल. आत्ताच्या आत्ता. बॅग नको, काही नको."

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी खिडकी लावून येते."

आणि मी पुढे झालो! खाली गाडी चालू करून बसलो. तिला वेळ लागत होता. वर दिवा नव्हता. मग खिडकी लागल्याचा आवाज आला, जिन्यावर पावलं वाजली आणि ताई आली. शेजारी बसली, म्हणाली, "चल." रडणं नाही, मागं वळून बघणं नाही. कितीतरी दिवस जी भांडत होती ती एका शब्दानं आली, आणि जन्मभर शेंबड्या पोरावरही संशय घेणारा मी, मला तेव्हा काहीच खटकलं नाही. सुटलो म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

इथे तिचं छान चाललंय. जेवते, बायकोला मदत करते, फोनवर बोलते तेव्हा आवाजही तोच. सगळे म्हणतात, ताई किती निवळल्या.

गेल्या आठवड्यात मी गॅलरीत नवी वायर ताणून मापत होतो. बायको कपडे वाळत घालायला आली, खड्डा सरकला. मांजर कठड्यावरून गेलं, थोडा सरकला. मग ताई आली. टॉवेल घालायला जागा हवी म्हणून तिनं वायरीचं टोक मुठीत धरून बाजूला केलं आणि तशीच बोलत उभी राहिली.

खड्डा हलला नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. स्वतः टोकाला हात लावला, सरकला. तिनं लावला... काही नाही. वायरीच्या लेखी तिथे कुणी उभंच नव्हतं.

मग त्या खिडकीपाशी कोण राहिलं? माझी ताई कुठे आहे? परत जाऊन बघावं म्हणतो रोज. पण हिला बायकोजवळ एकटी सोडून जाववत नाही, आणि बरोबर न्यायची छाती होत नाही.

काल संध्याकाळी मी इथेच बसलो होतो, विचार करत. ती मागून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला, खोटं कशाला बोलू. आणि म्हणाली,

"ताईची आठवण येते का रे तुला?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?